वाळूतला रावणताड

समुद्रकाठच्या एका झाडावर साखऱ्यात व्याख्यान कशासाठी, असा प्रश्न श्रोत्यांपैकी काहींना पडला असेल, आणि तो रास्तच आहे. समुद्र इथून चारशे किलोमीटरांहून लांब. आपली माती काळी, पावसात फुगणारी आणि उन्हाळ्यात भेगाळणारी. ज्या झाडाविषयी बोलायचे आहे ते किनाऱ्याच्या मोकळ्या वाळूत वाढणारे. परंतु त्या झाडाचे एक भावंड आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात आहे. दाराआडचा फडा शिंदीच्या पानांचा असतो, आणि लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी आपण हळदकुंकू वाहतो तेही या शिंदीच्याच केरसुणीला. शिंदी, ताड, नारळ, पोफळ, खजूर आणि कोकणातला भेरली माड ही सगळी एकाच कुळातली झाडे. त्याच कुळातले एक विलक्षण झाड उत्तर कोकण, दमण, दीव आणि सौराष्ट्र यांच्या किनाऱ्यावर उभे आहे. मराठीत त्याला रावणताड म्हणतात.

शिंदीला आपल्या भागात राजकीय इतिहासही आहे. निजामी राजवटीत शिंदीच्या मक्त्यापासून सरकारी तिजोरीत चांगली भर पडत असे. म्हणून १९४७-४८ च्या मुक्तिलढ्यात शिंदीची झाडे तोडणे हा स्टेट काँग्रेसच्या कार्यक्रमातला एक भाग होता. सरकारचे उत्पन्न बुडवायचे हा हेतू. बनेच्या बने आडवी झाली. तरीही शिंदी काही मराठवाड्यातून गेली नाही. आजही ओढ्यानाल्यांच्या काठी ती दिसते. आता नवल असे की ज्या झाडावर माणसांनी ठरवून कुऱ्हाड उगारली ते टिकले, आणि ज्या रावणताडाशी कोणाचे वैर नाही तो मात्र मागे हटत चालला आहे. १९९८ साली जागतिक निसर्ग संवर्धन संघाच्या यादीत त्याची नोंद 'संकटाच्या जवळ आलेली जाती' अशी झाली. हे असे का व्हावे, एवढ्याच प्रश्नाचा आज विचार करायचा आहे.

प्रथम झाडाची ओळख करून घेऊ. ताड किंवा शिंदी डोळ्यांसमोर आणा. सरळ उभा सोट आणि माथ्यावर पानांचा एकच झुबका. रावणताडाचे तसे नाही. त्याचे खोड काही उंचीवर गेले की दुभंगते, त्या दोन फांद्या पुढे पुन्हा दुभंगतात, आणि प्रत्येक फांदीच्या टोकाला पंख्यासारख्या पानांचा स्वतंत्र शेंडा असतो. एका धडावर अनेक डोकी, म्हणून रावण. दहाचा हिशेब मात्र या झाडाला जमत नाही. त्याची गणती दोन, चार, आठ, सोळा अशी चालते. वनस्पतिशास्त्राने त्याला दिलेले हायफीनी डायकोटोमा हे नावही हेच सांगते. डायकोटोमा म्हणजे दोन दोन होत जाणारा.

यात एवढे विशेष काय, असे बाभळीच्या आणि कडुलिंबाच्या फांद्या रोज पाहणाऱ्याला वाटेल. विशेष आहे ते असे. बाभळीच्या अंगावर जागोजागी डोळे असतात. शेंडा छाटला तर खालचा डोळा फुटतो. तिच्या सालीखाली जिवंत पेशींचा एक पातळ थर असतो आणि तो वर्षानुवर्षे नवे लाकूड तयार करून खोड जाड करीत नेतो. ताडाच्या कुळाला हा थर नाही. नारळाचे झाड लहानपणीच आपली जाडी ठरवून घेते आणि मग नुसते उंच होत जाते. शिवाय त्याला वाढीचा कोंब एकच, अगदी माथ्यावर, कोवळ्या पानांच्या गाभ्यात. गेंड्या भुंग्याने तो गाभा पोखरून कोंब मारला की एवढा मोठा माड उभ्याउभ्या मरतो, हे कोकणातल्या कोणत्याही बागाईतदाराला ठाऊक आहे. तेव्हा ताडाच्या कुळातल्या झाडाला फांदी फुटणे हा सहसा अपघात असतो. शिंदीला कधी कोंबाला इजा होऊन दोन शेंडे फुटतात आणि लोक नवल म्हणून ते पाहायला जातात. रावणताडाच्या बाबतीत हा अपघात नव्हे, स्वभाव आहे. त्याचा वाढीचा कोंबच मधोमध विभागून दोन सारखे कोंब तयार होतात. एक मोठा आणि दुसरा त्याच्या कुशीतून निघालेला, असा प्रकार नाही; दोघेही बरोबरीचे. आणि जाडी वाढविणारा थर नसूनही एवढ्या शेंड्यांचा भार तो समुद्रवाऱ्यात पेलतो.

पाने ताडासारखी पंखाकृती असतात, देठांच्या कडांना आकडेबाज काटे असतात. फळ लहान मुलाच्या मुठीएवढे, तपकिरी, चकचकीत आणि एका बाजूला कललेले. वरचा गर तंतुमय, किंचित गोड. किनाऱ्यावरची पोरे तो चघळून खातात. आतली बी हस्तिदंतासारखी कठीण आणि मध्ये पोकळ. या वंशाची आफ्रिकेतली भावंडे फार जुन्या काळापासून माणसाच्या उपयोगी आहेत. १९२२ साली मिसरमध्ये तुतनखामेनची कबर उघडली तेव्हा तिच्यात मृत राजासाठी ठेवलेल्या खाद्यवस्तूंत याच वंशातल्या दूम ताडाची फळे सापडली. एरिट्रियातल्या केरेन गावी इटालियन अमलात दूमच्या बियांची बटणे करण्याचा उद्योग चाले. वंशाचे हायफीनी हे नाव गेर्टनर या जर्मन शास्त्रज्ञाने १७८८ साली दिले. 'विणणे' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून, फळाच्या गरातले विणल्यासारखे तंतू पाहून.

आपल्या झाडाच्या नामकरणाची कथा थोडी सविस्तर सांगावी अशी आहे. १८३९ साली मुंबईत एक ग्रंथ छापला गेला. मुंबई आणि आसपासच्या वनस्पतींची ती सूची होती. तिचा कर्ता जॉन ग्रॅहम हा व्यवसायाने मुंबईच्या टपाल खात्यातला अधिकारी. टपालाचा कारभार सांभाळून उरलेल्या वेळात त्याने झाडांचा हा संसार मांडला, आणि ग्रंथ छापून पूर्ण होण्याआधीच त्याच वर्षी खंडाळ्याला त्याचा अंत झाला. वय अवघे चौतीसच्या आसपास. राहिलेले काम निम्मो या त्याच्या स्नेह्याने तडीस नेले. त्या उरलेल्या भागात फाटे फुटणाऱ्या या ताडाचा उल्लेख येतो. पण तिथे त्याला आपल्या नेहमीच्या ताडाचा भाऊ समजून बोरॅसस या ताडाच्याच वंशात बसविले आहे. १९०८ साली बेक्कारी या इटालियन पंडिताने तो हायफीनी वंशातला असल्याचे मानून त्याला हायफीनी इंडिका म्हटले. मुंबईच्या सेंट झेवियर कॉलेजातले फादर ब्लॅटर यांनी १९२६ साली भारत व सिंहलद्वीपातल्या ताडकुळावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. या कुळाचा अभ्यास करणाऱ्याला आजही त्याच्यावाचून पुढे जाता येत नाही. शेवटी १९७० साली जुने विशेषनाम आणि योग्य वंशनाम एकत्र आणून आजचे नाव पक्के केले ते कायतान शाव्हियर फुर्तादो यांनी. फुर्तादो मूळचे गोव्याचे. त्यांची हयात सिंगापूरच्या वनस्पती उद्यानात ताडांचा अभ्यास करण्यात गेली. पश्चिम किनाऱ्याच्या झाडाला त्याचे खरे नाव पश्चिम किनाऱ्याच्याच एका सुपुत्राने, तेही दूर सिंगापुरात बसून द्यावे, हा योग मला मोठा गोड वाटतो.

नावाचा एवढा खटाटोप कशाला, असे कोणी म्हणेल. त्याचे कारण या झाडाच्या नशिबाशी निगडित आहे. दीवमध्ये या झाडाला होका म्हणतात, आणि तिथे समज असा की ही झाडे आफ्रिकेतून आणलेली. या समजाला आधार नाही असे नव्हे. या वंशाच्या बहुतेक जाती आफ्रिकेत, मादागास्करमध्ये आणि अरबस्तानात आहेत. दीव १५३५ पासून १९६१ पर्यंत पोर्तुगीजांकडे होते, आणि त्यांच्या जहाजांची आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याशी नित्य ये-जा असे. तेव्हा झाड परदेशातून आले असेल असे वाटणे सोपे आहे. पण एकदा झाड परके ठरले की त्याच्या रक्षणाची जबाबदारी कोणाच्याच अंगावर येत नाही. ते येथे मेले तरी तिकडे त्याचे गणगोत आहेच, असा हिशेब मनात होतो. जातीचे नाव वेगळे ठरले की हा हिशेब कोसळतो. रावणताड ही स्वतंत्र जाती आहे आणि आफ्रिकेतल्या जंगलांत ती आढळत नाही. येथून गेली तर भरपाई करायला आफ्रिकेत काही शिल्लक नाही.

या प्रश्नावर अलीकडे एका अनपेक्षित बाजूने प्रकाश पडला, आणि तो आपल्या पायांखालच्या खडकातून. आपल्या साखऱ्याखालचा काळा पाषाण म्हणजे सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतल्या गेलेल्या लाव्हाचा भाग, हे आपण शाळेत शिकलो आहोत. दोन उद्रेकांच्या मधल्या शांत काळात त्या लाव्हावर तळी साचली, काठी झाडे वाढली, त्यांची फळे गाळात पडली आणि पुढच्या लाव्हाखाली दबून दगड झाली. मध्य भारतातल्या अशा थरांतली काही ताडफळे १९८२ साली वर्णिली गेली होती. २०१९ साली अमेरिकन व भारतीय अभ्यासकांनी त्यांची नव्याने तपासणी प्रसिद्ध केली. त्यांत भंडाऱ्याचे प्राध्यापक दशरथ कापगते होते. क्ष-किरणांनी दगडाच्या आतले फळ न फोडता पाहिले, आणि ही फळे ताड व रावणताड ज्या गटात मोडतात त्याच गटातली असल्याचा निर्णय दिला. म्हणजे डायनासोर पृथ्वीवर होते त्या काळी या गटाची झाडे आपल्या दख्खनवर डुलत होती. यावरून आजचा रावणताड त्या झाडांचाच सरळ वंशज आहे असे सिद्ध होत नाही, हेही सांगितले पाहिजे. मधल्या कोट्यवधी वर्षांत येणे-जाणे, मरणे-उगवणे किती झाले असेल कोण जाणे. पण हे घराणेच या भूमीला परके, असे मात्र यापुढे कोणी म्हणू नये.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. रावणताड का घटतो? कुऱ्हाड हे एक उत्तर आहे, पण ते अपुरे आहे. खरे उत्तर झाडाच्या जीवनक्रमात आहे.

नारळाच्या एकाच फुलोऱ्यात नर आणि मादी अशी दोन्ही फुले येतात. अंगणात एकटा माड असला तरी नारळ मिळतो. रावणताडात नर झाड वेगळे आणि मादी झाड वेगळे. शिंदीतही तसेच आहे, पण शिंदी बनाने वाढते, जोडीदाराची वाण पडत नाही. रावणताडाचे बन तुटून इथे एक, तिथे दोन अशी झाडे उरली की हिशेब बिघडतो. हॉटेलाच्या आवारात शोभेसाठी राखलेली मादी वर्षानुवर्षे फुलते आणि तिला रुजणारे बी धरत नाही, कारण आसपासचे नर केव्हाच तोडलेले असतात. पाहणाऱ्याला वाटते, झाड तर ठणठणीत आहे.

बी धरले तरी पुढची वाट सोपी नाही. आपण हरभरा पेरतो तेव्हा कोंब वर येतो. रावणताडाच्या बियाण्याची रीत उलटी. बी वाळूत पडले की त्यातून एक जाड नळी निघते आणि ती सरळ खाली घुसते. वीत, दीड वीत, कधी त्याहूनही खोल. भावी रोपाचा कोंब या नळीच्या टोकाशी असतो. योग्य खोलीवर, ओलाव्याजवळ पोचल्यावर तो तिथून मुळे सोडतो आणि मगच पहिले पान वर पाठवतो. उन्हाने तापलेल्या आणि वाऱ्याने उडणाऱ्या वरच्या वाळूपासून नाजूक कोंब वाचविण्याची ही युक्ती आहे. त्यानंतरही बरीच वर्षे जमिनीवर नुसती पाने दिसतात. खोड जमिनीखाली आपली पूर्ण जाडी तयार करीत असते. ती झाल्यावाचून ते उंच होत नाही. या सगळ्या काळात ते झाड आहे असे कोणाला वाटतही नाही. वाळूतून वर आलेली चार काटेरी पाने, एवढेच त्याचे रूप. शेळी ती कुरतडते, वाहनाचे चाक त्यांवरून जाते, किनारा साफ करणारा माणूस त्यांना उपटून टाकतो.

वाळूविषयीही थोडे सांगायला हवे. समुद्राकाठी सगळे पाणी खारे असणार असे आपल्याला वाटते. पण किनाऱ्यावरच्या वाळूत विहीर खणली तर पुष्कळदा गोडे पाणी लागते. पावसाचे पाणी वाळूच्या टेकाडांत मुरते. ते खाऱ्या पाण्याहून हलके, म्हणून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगून राहते. टेकाड जितके उंच तितका हा गोड्या पाण्याचा साठा मोठा. किनारी बनाचा संसार या साठ्यावर चालतो. बांधकामासाठी वाळू उपसली, टेकाड सपाट केले, वरून फरशी घातली किंवा उपसा वाढविला की साठा आटतो आणि खारे पाणी वर सरकते. जुन्या झाडांची मुळे दूरवर गेलेली असल्यामुळे ती तग धरतात. नव्या रोपाला ते शक्य नसते.

यात भर पडली ती सुरूच्या लागवडीची. वारा अडविण्यासाठी आणि वाळू धरून ठेवण्यासाठी आपल्या किनाऱ्यावर मैलोगणती सुरू लावला गेला. हेतू चांगला होता, कामही पुष्कळसे साधले. पण सुरूच्या बारीक काड्यांचा जाड थर जमिनीवर साचतो आणि त्याखाली दुसरे काही सहजासहजी उगवत नाही. गंमत अशी की सुरू मूळचा ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियाकडचा, आणि तरी कोकणचा किनारा म्हटला की पर्यटकाच्या डोळ्यांसमोर सुरूचे बनच येते!

म्हणून रावणताडाची संख्या नुसत्या मोजणीने कळत नाही. असे झाड दीर्घायुषी असते. समजा एखाद्या किनाऱ्यावर पन्नास वृक्ष आहेत आणि दहा वर्षांनीही पन्नासच आहेत. कागदावर सगळे क्षेम आहे. पण त्या पन्नासांखाली गुडघाभर उंचीचे एकही रोप नसेल तर ते बन संपलेले आहे. फक्त संपल्याची वार्ता यायला आणखी काही दशके लागतील. एखाद्या गावात सगळी घरे नांदती आहेत, पण शाळेत पहिलीच्या वर्गाला मूल नाही, असे समजा. शिंदी अशी संपली नाही, कारण तोडणाऱ्यांनी झाडे तोडली तरी ओढ्याचा काठ जाग्यावर राहिला आणि बियाणे पुन्हा रुजले. इथे झाडे उभी आहेत आणि काठ नाहीसा होतो आहे.

कायदा काय करतो? १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना काढली. भरतीरेषेपासून पाचशे मीटरांच्या पट्ट्यातल्या बांधकामावर तिने बंधने घातली आणि वाळूच्या टेकाडांना कडक संरक्षण दिले. या एका अधिसूचनेने किनाऱ्यावरच्या अनेक बनांना आयुष्य दिले असे म्हणायला हरकत नाही, जरी तिच्यात रावणताडासाठी म्हणून काही योजना नव्हती. पुढे २०११ आणि २०१९ साली नव्या अधिसूचना आल्या. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामाला मनाई असलेला पट्टा दोनशे मीटरांवरून पन्नास मीटरांवर आणला. किनाऱ्यावरच्या कोळ्याला आपले घर वाढवायला जागा हवी, ही मागणी अन्याय्य नाही, आणि तिच्याकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले हेही खरे. पण त्या दीडशे मीटरांत कोळ्याचे घर आधी उभे राहील की धनिकाचा बंगला, याविषयी माझ्या मनात शंका आहे. वाळूतल्या बनाची जागा नेमकी तीच.

उपाय फारसे खर्चाचे नाहीत. जिथे नर आणि मादी दोन्ही शिल्लक आहेत अशी बने आधी हेरावी. त्यांच्या खालची जमीन काही वर्षे शेळ्यांपासून आणि वाहनांपासून राखावी. त्याला तारेचे कुंपणच लागते असे नाही, काट्याकुट्यांची कुडणही चालते. किनारा स्वच्छ करणाऱ्यांना ही चार काटेरी पाने ओळखायला शिकवावे. जिथे झाडे एकाकी पडली आहेत तिथे दुसऱ्या बनातले बी आणून लावावे.

एक शंका इथे निघेलच, म्हणून आधीच उत्तर देतो. हे झाड आपल्याकडे लावता येईल का? भारी काळ्या जमिनीत पाणी साचते, तिथे लावू नये. कयाधूच्या किंवा एखाद्या ओढ्याच्या काठी निचऱ्याची, रेताड जागा असेल तर प्रयत्न करून पाहायला हरकत नाही. मात्र बी झाडाखाली पडलेले आणि परवानगीने घेतलेले असावे. रोपवाटिकेतल्या नेहमीच्या लहान पिशवीत ते घालू नये. नळी तळाशी टेकून वाकते आणि रोप खुरटते. हातभर खोल भांडे घ्यावे, नाहीतर बी थेट जाग्यावरच पुरावे. एकदा रुजल्यावर उपटून दुसरीकडे लावलेले रोप सहसा जगत नाही. आणि एकच झाड लावून थांबू नये, निदान सहा-सात तरी जवळजवळ लावावी. त्यांतला नर कोणता आणि मादी कोणती, हे ती फुलावर येईपर्यंत कोणालाच सांगता येत नाही.